तालुक्याच्या गावी चित्रपट महोत्सव भरवायचा असेल तर

आधी महोत्सव भरवू नका. आधी वर्षभर दर महिन्याला एक सिनेमा दाखवा. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं मंडप आणि साउंडचं दुकान आहे. पडदा, खुर्च्या, वायरी सगळं घरचंच, तरीही आम्ही सुरुवात केली ती शाळेच्या हॉलमधल्या महिन्यातल्या एका खेळाने. पाहणारे गोळा झाले, सिनेमा संपल्यावर थांबून बोलायला लागले, तेव्हा दोन दिवसांचा महोत्सव आपोआपच सुचला. मोठ्या शहरांतही क्रम असाच होता. कलकत्त्यात सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी फिल्म सोसायटी, म्हणजे एकत्र सिनेमे बघायचं मंडळ, काढली १९४७ साली; मुंबईत देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला १९५२ ला.

तारीख ठरवताना पंचांग आणि शेत दोन्ही बघा. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पंचेचाळीस डिग्री. पत्र्याच्या हॉलमध्ये माणूस तासभरही बसत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी लेकी माहेरी आलेल्या. दत्तजयंतीला अर्धा मुलूख सारंगखेड्याच्या यात्रेत. मी पौष महिना धरतो. पौषात लग्नं नसतात, म्हणून मंगल कार्यालय रिकामं मिळतं, माझं सामान गोडाऊनमध्येच असतं आणि पोरं मोकळी असतात. कापसाचे थोडेफार पैसेही हातात आलेले असतात. अमेरिकेतला सनडान्स महोत्सव १९७८ मध्ये दुसऱ्याच नावाने सॉल्ट लेक सिटीत सप्टेंबरला सुरू झाला. १९८१ पासून त्यांनी तो डोंगरातल्या पार्क सिटीत, ऐन बर्फाच्या जानेवारीत नेला आणि तिथे तो वाढला. तारीख एकदा ठरली की दरवर्षी तीच ठेवा. लोकांच्या डोक्यात ती बसायला तीन-चार वर्षं लागतात.

पैशाचं मी अगदी मनापासून सांगतो: एका मोठ्या देणगीदारावर महोत्सव उभा करू नका. त्याचं भाषण, त्याच्या साहेबांचं भाषण, मग सत्कार, नारळ, शाल. पहिला सिनेमा दीड तास उशिरा सुरू होतो आणि लांबच्या खेड्यातून आलेली माणसं शेवटच्या बससाठी मधूनच उठतात. गोरखपूरला २००६ पासून कंपन्यांचं प्रायोजकत्व न घेता, लोकांकडून पैसे जमवून महोत्सव भरवतात. आणि शेजारच्या शिरपूरचं घराणं असलेल्या स्मिता पाटीलचा ‘मंथन’ आठवा. १९७६ चा तो चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. आम्ही एका माणसाकडून पाचशेच्या वर घेत नाही, पावती फाडतो आणि हिशेब हॉलच्या दारावर चिकटवतो. केळीच्या ट्रकवर हमाली करणाऱ्यानेही वीस रुपये दिलेत, त्याचं नाव त्याच यादीत असतं.

परवानगीच्या बाबतीत ढिलाई नको. घरच्या ओटीटीवर दिसतो म्हणून सिनेमा चार लोकांत लावता येत नाही. दिग्दर्शकाकडून किंवा निर्मात्याकडून लेखी परवानगी घ्या: किती खेळ, कोणत्या तारखेला, मानधन किती, फाइल नंतर पुसायची की नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला चित्रपट दाखवायचा तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, म्हणून पहिल्या वर्षी प्रमाणपत्र असलेलेच घ्या. लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून. रात्री दहाच्या आत सगळं आटपेल असाच कार्यक्रम आखा.

आता माझ्या धंद्यातलं. लग्नाचं साउंड जसंच्या तसं सिनेमाला लावलंत तर सिनेमा मेला म्हणून समजा. बेस छाती हलवतो आणि संवाद बुडतात. बेसचे डबे बाजूला ठेवा, दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही अंगांना बसलेल्या माणसाच्या डोक्याहून थोडे वर लावा आणि तोंड मागच्या भिंतीकडे नाही, मधल्या रांगेकडे करा. हॉल घुमत असेल तर भिंतींना मंडपाचे जाड पडदे सोडा. अंधारही होतो आणि आवाजही सुकतो. लॅपटॉपमधून घूंऽऽ असा आवाज आला तर चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच थांबतो. प्रोजेक्टर आणि साउंड एकाच बोर्डवर घ्या. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार-पाच फूट वर हवी, नाहीतर सबटायटल पुढच्याच्या टोपीमागे जातात. मराठी सबटायटलची फाइल वेगळी लावली की काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. ती व्हिडिओतच पक्की करून आणायला सांगा आणि आदल्या रात्री त्याच लॅपटॉपवर, त्याच पडद्यावर पहिली दहा मिनिटं चालवून बघा. जनरेटर भाड्याने घ्याच, पण हॉलच्या मागे, खिडकीपासून लांब.

निवड करताना एकच कसोटी लावा: निवडणाऱ्या प्रत्येकाने सिनेमा शेवटपर्यंत बघितलेला असावा. बक्षिसांची यादी बघून घेऊ नका. एक दिवस बाहेरच्या सिनेमांना द्या, एक आपल्या मुलखातल्या पोरांच्या लघुपटांना. मालेगावच्या लोकांनी यंत्रमागाच्या गावात, जेमतेम पैशात स्वतःचे सिनेमे काढले आणि त्यांच्यावर झालेला माहितीपट पुढे जगभर फिरला, ही फार लांबची गोष्ट नाही. आपल्याकडे अहिराणीत, पावरा आदिवासींच्या पावरीत मोबाइलवर शूट करणारी मुलं आहेत. त्यांना रात्री शेवटी नाही, संध्याकाळी सात वाजता, भरल्या हॉलमध्ये जागा द्या.

आणि चर्चेला अर्धा तास ठेवाच. माइक आधी मागच्या रांगेत द्या, बायकांकडे. विहिरीवरच्या एका लघुपटानंतर एक आजी उभ्या राहिल्या, “हाई ते आमनाच घरनी गोठ शे” (ही तर आमच्याच घरची गोष्ट आहे), म्हणाल्या आणि पुढे दहा मिनिटं आपल्या विहिरीचं सांगत राहिल्या. दिग्दर्शक मुलगा वहीत उतरवत होता. असं बोलणं झालं की पुढच्या वर्षी त्या आजी गल्ली घेऊन येतात. जाहिरातीचा फ्लेक्स एवढं करू शकत नाही.

वाढवायचं तर दिवस वाढवू नका, गावं वाढवा. आम्ही दोन दिवसांवरच थांबलोय. त्यातले दोन-तीन सिनेमे, त्यांच्या वेगळ्या परवानग्या घेऊन, मग अडावदला, लासूरला नेतो. तिथे गावातलीच चार माणसं जागा, वीज आणि चहा बघायला तयार असतील तरच सामान गाडीत चढवायचं.