लेखक परिचय लिहिताना या चुका टाळा

हापूसच्या मोहोरावर तुडतुडे आले की कुठली फवारणी कधी घ्यावी, असा लेख समोर आला तर देवगडचा बागायतदार आधी बघतो की लिहिणारा कोण. खाली नुसतं ‘ॲडमिन’ असेल तर तो पुढे वाचत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मोहोर गेला की वर्ष गेलं.

वर्डप्रेसवर, म्हणजे ब्लॉग-वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, हे ‘ॲडमिन’ घालवणं सोपं आहे. प्रोफाइलमध्ये नाव-आडनाव भरा आणि लोकांना दिसणारं नाव म्हणून तेच निवडा. एक मेख मात्र राहते: लेखकाच्या पानाच्या पत्त्यात जुनं युजरनेमच दिसतं, आणि ते तिथे बदलता येत नाही. नवीन युजर तयार करा, मग जुना काढताना सगळे लेख नव्याच्या नावावर वळवा. हा पर्याय वर्डप्रेस स्वतःच विचारतं. घाईत ‘डिलीट’वर बोट पडलं तर लेखही जातील. लेखकाचा फोटो येत नसेल तर ग्रॅव्हटारवरचा (वर्डप्रेस फोटो जिथून उचलतं ती सेवा) ईमेल आणि इथला ईमेल एकच आहे ना, ते बघा.

यापेक्षा मोठी चूक विशेषणांची. ‘कोकणवेडा, खवय्या, निसर्गप्रेमी’ यातून वाचकाला काय कळलं? त्याऐवजी असं लिहा: ‘वेंगुर्ल्यात काजूची बाग आहे. कलमं आणि ढेकण्याचा बंदोबस्त यावर लिहितो. मासेमारीतलं मला कळत नाही.’ माझ्या मते यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त विश्वास कमावतं. परिचयातला अनुभव लेखातही दिसायला हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ‘कालच ट्रॉलरवर जाऊन आलो’ असं छापलंत तर मालवणातलं पोरसुद्धा हसेल.

तारकर्लीतल्या चांगल्या होमस्टेंची यादी देताय आणि त्यात भावाचा होमस्टेही आहे? मग तसं सांगून टाका, परिचयातही आणि त्या लेखातही. लपवलेलं नातं गावात कुणीतरी उघड करतंच.

गूगलसाठी स्कीमा (लेखाची माहिती गूगलला समजेल अशा साच्यात देणं) भरताना लेखकाच्या नावाच्या रकान्यात फक्त नाव टाका. ‘लेखक:’, ‘प्रा.’, हुद्दा यांतलं काही तिथे नको. दोघांनी लिहिलं असेल तर दोन वेगळ्या नोंदी करा, मध्ये ‘आणि’ घालून एक नाही. गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये गुणवत्ता तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत ‘अनुभव’ हा निकष वाढवला खरा, पण परिचय लिहिला की रँकिंग वर जातं, असं सांगून पैसे घेणाऱ्यांपासून लांब राहा.

टोपणनावाने लिहायला हरकत नाही, ते सगळीकडे एकच ठेवा. घरचा पत्ता, मोबाईल नंबर देऊ नका. कामापुरता ईमेल पुरे.

आणि परिचयातल्या लिंक दुसऱ्याच्या मोबाईलवरून, लॉगिन न करता उघडून बघा. तुम्हाला व्यवस्थित दिसणारं फेसबुक प्रोफाइल बाहेरच्याला बऱ्याचदा दिसतच नाही.