स्टॉप-डीजेव्हीयू रॅन्समवेअर लागल्यावर
फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा हा व्हायरस बहुधा फुकटातल्या क्रॅकमधून (चोरीच्या सॉफ्टवेअरमधून) शिरतो. पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी येते, मागे फाइलींना कुलूप लागत असते. प्रत्येक फाइलचे पहिले सुमारे 150 केबीच बदलतात, म्हणून काम झपाट्याने उरकते. मोठे व्हिडिओ मात्र कधीकधी दुरुस्त होतात.

आधी इंटरनेट तोडा, पेनड्राइव्ह काढा. टास्क शेड्यूलरमधले (ठरल्या वेळी कामे सुरू करणारे विंडोजचे साधन) ‘टाइम ट्रिगर टास्क’ उडवा, नाहीतर नव्या फाइलीही जातील. अँटिव्हायरसची संकेतस्थळे उघडत नसतील तर होस्ट्स फाइल (संकेतस्थळांचे पत्ते ठरवणारी विंडोजची फाइल) तपासा, तिथे ती अडवलेली असू शकतात. सोबत अनेकदा पासवर्डचोरही येतो. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

मग सी ड्राइव्हवरच्या ‘सिस्टमआयडी’ फोल्डरमधला पर्सनल आयडी पाहा. आयडीच्या शेवटी ‘टी1’ असेल तर ऑफलाइन चावी (हल्लेखोरांच्या सर्व्हरशी संपर्क न झाल्यास वापरलेली, अनेकांना सारखीच असलेली) वापरली आहे. एमसिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या डिक्रिप्टरकडे (कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामकडे) ती असली तर फाइली सुटतात. आज नसेल तर कुलूपबंद फाइली जपून ठेवा, पुसू नका.