कीबोर्डवर मींड घ्यायची असेल तर आधी बेंडरची रेंज बघा

मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, आणि बेंडर म्हणजे सूर वर-खाली वाकवणारं कीबोर्डचं चाक. नवा टोन, म्हणजे वाद्याचा आवाज, लावला की सा दाबा, बेंडरचं चाक पूर्ण पुढे ढकला आणि कुठला सूर लागतो ते ऐका. हे न केल्यामुळे पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात, भावगीतांच्या भर कार्यक्रमात माझी बासरी सा वरून थेट तार सा वर किंचाळत गेली. जायचं होतं फक्त रे वर. तबलजींनी मान वर करून बघितलं, ते बघणं अजून डोळ्यांसमोर आहे.

घरी ज्या टोनवर रियाज केला होता त्याची रेंज दोन होती. चाक पूर्ण ढकललं की दोन अर्धस्वर, म्हणजे सा चा शुद्ध रे. त्या संध्याकाळी आयत्या वेळी कुणाकडून तरी घेतलेला बासरीचा टोन लावला. त्यात रेंज बारा. हात तोच, पण आता अख्खं सप्तक. अर्धंच ढकललं असतं तरी तीव्र म लागला असता. लॅपटॉपवरून वाजवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. कीबोर्ड फक्त चाक किती फिरलं तेवढंच कळवतो, ० ते १६३८३ मधला एक आकडा, मधोमध ८१९२. त्याचे किती स्वर करायचे ते लॅपटॉपमधला टोन ठरवतो. कीबोर्डच्या मेनूत दोन दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. टोन बदलला की पुन्हा तपासा, साउंडचेकला पुन्हा तपासा.

सुरुवातीला रेंज दोनच ठेवा. बारावर अंगठा जरा हलला तरी सूर ढळतो, दरबारी रागातल्या आंदोलित, म्हणजे हळू झुलणाऱ्या, गंधाराचं तर नावच नको. डाव्या हाताने कॉर्ड धरली असेल तर तीही सोबत वाकते, म्हणून ती वेगळ्या चॅनेलवर टाका, जिथे चाकाचा परिणाम होत नाही.

‘पोर्टामेंटो (एका पट्टीवरून दुसरीवर सूर आपोआप घसरवणारी सोय) लाव, मींड आपोआप येते’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. त्यात प्रत्येक स्वर एकाच ठरलेल्या चालीने घसरतो. कुठे रेंगाळायचं हे गळ्यालाच कळतं. इंदिरानगरहून सायकलने सरांकडे जायचे, तर त्यांनी सहा महिने नुसतं गायला लावलं. तेव्हा रडू यायचं. आता माझं ठाम मत आहे की जो गात नाही त्याच्याकडे मींड शिकू नये.

हात बसायला वेळ लागतो, घाबरू नका. हार्मोनियमवर मींड निघत नाही, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप होता. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तुमच्या हाताशी निदान चाक तरी आहे. तानपुरा लावा, सा धरा, चाक अर्ध्यावर नेऊन कोमल रे वर थांबा आणि तोच सूर गाऊन बघा. पट्टी दाबून तपासायचं असेल तर चाक आधी सोडा, नाहीतर ती पट्टीही वाकलेलीच वाजेल.