अल्युमिनाचा पार्ट तडकला? या चुका टाळा

पंपाचा प्लंजर असो की सील रिंग, अल्युमिनाचा, म्हणजे पावडर साच्यात दाबून भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकचा, पार्ट तडकून निघाला की पहिला आळ भट्टीवर येतो. आधी पार्ट तड्याच्या रेषेवर तोडा आणि आतला भाग भिंगाखाली बघा. कडा गोलसर, गुळगुळीत असतील तर तडा कच्च्या (न भाजलेल्या) पार्टमध्येच होता किंवा तापताना पडला, पुढच्या उष्णतेने कडा झिजल्या. कडा धारदार असतील तर तो थंड होताना किंवा ग्राइंडिंगमध्ये पडला. एवढ्यावरून निम्मा शोध संपतो.

प्रेसिंगमध्ये दाब वाढवला की पार्ट मजबूत होतो, हा गैरसमज फार महागात पडतो. अडकलेली हवा आणि डायमधून (साच्यातून) सुटताना पार्टने घेतलेली उसळी यांमुळे वरच्या टोकाशी आडवे तडे जातात. दाब कमी करा, पंच (पावडर दाबणारा दांडा) सावकाश उतरवा. लांब स्लीव्ह दोन्ही बाजूंनी दाबली तरी मधली पावडर सैलच राहते, मग भाजल्यावर मधला भाग जास्त आकसून डमरू होतो. अशा आकाराला सगळीकडून सारखा दाब देणारे आयसोस्टॅटिक प्रेसिंगच हवे.

आकसण्याचा हिशेब तर अनुभवी माणसेही चुकवतात. भाजून 50 मिमी हवे आणि पावडर 17 टक्के आकसते, म्हणून 50 मध्ये 17 टक्के मिळवून 58.5 धरतात. प्रत्यक्षात 50 ला 0.83 ने भागायचे असते, म्हणजे सुमारे 60.2. पहिल्या हिशेबाने पार्ट 48.6 चा निघतो. लहान झालेला पार्ट वाढवता येत नाही, त्यामुळे ग्राइंडिंगची जादा जागाही आधीच धरा. पावडरची नवी बॅच आली की आकसणे पुन्हा मोजा.

पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, म्हणजे पीव्हीए बाइंडर, साधारण 200 ते 500 अंशांत जळून जातो. इथे घाई नको. जाड पार्टमधून वायूला बाहेर पडायला वेळ लागतो, आणि भट्टीत हवा खेळती नसेल तर गाभा काळा राहतो.

ग्राइंडिंगला डायमंड व्हील, भरपूर कूलंट आणि हलका कट ठेवा. ड्रॉइंगवर आतला कोपरा टोकदार असेल तर ऑर्डर घेण्याआधीच गोलाई मागून घ्या.

मडके वाजवून घेतात तसा पार्ट वाजवून बघणे चांगलेच, पण बारीक तडा आवाजात सापडत नाही. त्यासाठी डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावा, तेही ग्राइंडिंग झाल्यानंतर.