वादळी वाऱ्यात वावर आणि घर सांभाळताना
विदर्भात एप्रिलपासून जूनच्या आरंभापर्यंत, दुपारच्या उकाड्यानंतर आभाळ काळवंडून एकाएकी गार वारा सुटला, की ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर आदळून पसरू लागली आहे असे समजावे आणि वावरातून ताबडतोब पक्क्या घरात यावे. कडुनिंबाखाली बंडी (बैलगाडी) सोडून आडोसा घेण्याची सवय जिवावर बेतते. फांदी मोडते आणि वीज पडण्याचाही धोका असतो. टिनपत्रे नुसत्या दगडांनी दाबू नयेत, कारण वारा पत्र्याखाली शिरला की तेच दगड माणसांवर येतात. पत्रे धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यांचे नट मार्चअखेरीसच आवळून घ्यावेत. गोठा कच्चा असल्यास जनावरांची दावी सोडावीत. वादळानंतर तुटलेल्या तारेजवळ, विशेषतः ओल्या धुऱ्यावर (बांधावर), कोणीही जाऊ नये. आधी महावितरणला कळवावे.