पोळी-भात सोडून लो-कार्बवर गेलात आणि एलडीएल वाढलं? रिपोर्ट कसा वाचायचा, ताटात काय बदलायचं

शाकाहारी घरातला माणूस लो-कार्ब सुरू करतो तेव्हा पोळी, भात, पोहे, साबुदाणा ताटातून जातात आणि त्यांच्या जागी पनीर, तूप, चीज, खोबरं, क्रीम येतं, काही जण अंडी सुरू करतात, थोडे जण चिकन-मासळीपर्यंत जातात. दोन-तीन महिन्यांत पँट सैल होते, शुगर खाली येते, सगळे खूश. मग चेकअपचा रिपोर्ट येतो, एलडीएलसमोर (म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉलसमोर) ठळक अक्षरात आकडा, आणि फॅमिली ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते "सांगत होते ना तुला, तूप बंद कर", दुसरी म्हणते "एलडीएल वगैरे सगळं थोतांड आहे, ट्रायग्लिसराइड बघ किती छान आलंय" (ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी). दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे, पण दुसऱ्या पार्टीचं ऐकून एलडीएल तसंच वाढू देणं मला अजिबात पटत नाही, आणि पहिलीचं ऐकून परत तीन पोळ्या आणि ढीगभर भातावर जायचीही गरज बहुतेकांना नसते. मधला रस्ता आहे, तोच सांगते.

त्याआधी औषधांचं बघा, हे वगळून पुढे जाऊ नका. डायबेटिसची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही अचानक कार्ब तोडलेत तर शुगर खूप खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल तर कडक लो-कार्ब आणखी धोक्याचं, कारण त्यात शुगर नॉर्मलच्या आसपास दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतणारी अवस्था) होऊ शकतो. बीपीच्या गोळ्या असतील तर वजन आणि पाणी उतरल्यावर चक्कर येते, डोस बदलावा लागतो. हे सगळं सुरू करायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, नंतर नाही. स्टेंट किंवा बायपास झालेला असेल तर हा लेख वाचून स्वतः काही ठरवूच नका.

सुरुवातीचा रिपोर्ट हवाच

बहुतेक लोक इथेच घोळ करतात, आधीचा रिपोर्टच नसतो, मग वाढलं ते किती वाढलं आणि डाएटमुळे वाढलं की आधीपासूनच होतं हे कळणार कसं. म्हणून डाएट बदलायच्या आठवड्यात एक लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची टेस्ट) करून टाका, सोबत टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनी) आणि एसजीपीटी (लिव्हर). टीएसएच यासाठी की थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल वाढतं, आणि मग आपण बिचाऱ्या पनीरला शिव्या देत बसतो. जमलं तर लिपोप्रोटीन-ए नावाची टेस्ट आयुष्यात एकदा करून घ्या, ते जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतं, डाएटने फारसं हलत नाही, पण वाढलेलं असेल तर एलडीएलबाबत जास्त कडक राहावं लागतं.

आणि आधीचा रिपोर्ट "छान" असेलच असं समजू नका. आपण शाकाहारी म्हणजे आपलं कोलेस्टेरॉल चांगलंच, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. आयसीएमआर-इंडियाब या मोठ्या पाहणीचे लिपिडचे आकडे २०१४ मध्ये आले, त्यात तमिळनाडू, झारखंड, चंदीगडसोबत आपला महाराष्ट्रही होता, आणि तपासलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं एचडीएल, म्हणजे "चांगलं" कोलेस्टेरॉल, कमी निघालं, साधारण ३० टक्के लोकांचं ट्रायग्लिसराइड जास्त. एलडीएल जास्त असलेले १२ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे आपला नेहमीचा प्रॉब्लेम कमी एचडीएल आणि चढलेलं ट्रायग्लिसराइड हा, आणि तो भात-पोळी-साखरेच्या ताटाशी बराच जोडलेला आहे. लो-कार्बने नेमक्या याच दोन गोष्टी सुधारतात, म्हणून तर लोक त्याच्या प्रेमात पडतात.

रक्त कधी द्यायचं

वजन भराभर उतरत असताना लिपिड करू नका, केलंत तरी त्यावर निर्णय घेऊ नका. चरबी वितळते तेव्हा तिच्यात साठलेलं कोलेस्टेरॉलही रक्तात येतं आणि आकडा तात्पुरता फुगतो, हे १९९१ मध्येच अभ्यासात दिसलेलं आहे. किमान तीन महिने जाऊ द्या आणि वजन काही आठवडे एकाच जागी थांबलेलं असू द्या. उपाशीपोटी म्हणजे १० ते १२ तास, पाणी चालतं, चहा-कॉफी नाही, त्यात लोणी घातलेली तर नाहीच नाही. इंटरमिटंट फास्टिंगवाले १८-२० तास उपाशी राहून जातात ते टाळा, बारीक माणसात नुसत्या लांब उपासानेही एलडीएल वर जातं. लॅब दोन्ही वेळा एकच ठेवा. ताप, मोठं इन्फेक्शन, ऑपरेशन झालं असेल तर काही आठवडे थांबा कारण आजारपणात एलडीएल खोटं खोटं कमी दिसतं. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू झाली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये जाऊ नका, ट्रायग्लिसराइडचा आकडा काही कामाचा येणार नाही.

रिपोर्ट वाचायचा कसा

उदाहरणाला दोन रिपोर्ट घेऊ. आधीचा: टोटल कोलेस्टेरॉल १८६, ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल ३६. चार महिन्यांनंतरचा: टोटल २३२, ट्रायग्लिसराइड ८५, एचडीएल ४९. कागद-पेन घ्या. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात, १९७२ चा फ्रीडवाल्ड फॉर्म्युला आहे: टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशोब चालत नाही). आधी १८६ वजा ३६ वजा ३८, म्हणजे ११२. नंतर २३२ वजा ४९ वजा १७, म्हणजे १६६.

आता बघा, ट्रायग्लिसराइड निम्म्याहून खाली आलं, एचडीएल १३ ने वाढलं, दोन्ही मस्त. "ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल" हा रेशो ५.३ वरून १.७ वर आला, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) बहुतेक कमी झालाय. कीटोवाले (अगदी कडक लो-कार्ब करणारे) इथेच थांबतात आणि पार्टी करतात. तुम्ही अजून एक वजाबाकी करा, टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा, याला नॉन-एचडीएल म्हणतात. आधी १५०, नंतर १८३. म्हणजे टोटलमधली वाढ काही नुसती "चांगल्या कोलेस्टेरॉल"ची नाही, धमनीच्या भिंतीत घुसू शकणाऱ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल ३३ ने वाढलंय. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि याला उपाशी असण्या-नसण्याने फार फरक पडत नाही. शक्य असेल तर अपोबी ही टेस्ट करा, ती त्या कणांची संख्याच सांगते, मग "माझं एलडीएल मोठं, फुगीर वालं आहे, त्याने काही होत नाही" या वादात पडायचं कारण उरत नाही.

किती असावं? फार धोका नसलेल्या माणसासाठी आपल्याकडचे हृदयरोगतज्ज्ञ एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत धरतात. डायबेटिस किंवा इतर धोका असला की एलडीएल ७० च्या आत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना त्याहूनही खाली. टोटल २०० च्या वर गेलं म्हणून घाबरायचं नाही आणि १९० आलं म्हणून निवांतही व्हायचं नाही, त्या एका आकड्यात चांगलं-वाईट सगळं मिसळलेलं असतं. लंडन, सिडनी, टोरांटोवाल्यांच्या रिपोर्टमध्ये आकडे वेगळ्या युनिटमध्ये येतात, मुलाने "माझं एलडीएल ४.३" असं सांगितलं की आईला वाटतं वा, किती कमी. कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने आणि ट्रायग्लिसराइडला ८८.६ ने गुणा, ते ४.३ म्हणजे आपले १६६.

वाढतं का आणि कोणाचं

तीन गोष्टी एकत्र येतात. एक, सॅच्युरेटेड फॅट: लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेत असतं, सॅच्युरेटेड फॅट वाढलं की ही ओढ कमी होते. दोन, डाळी-उसळी-धान्यं गेली की त्यांच्यातला विरघळणारा फायबर गेला, जो पित्तातलं कोलेस्टेरॉल बांधून बाहेर नेत होता. आणि तिसरं थोडं वेगळं, शरीरयष्टीचं. जाड माणूस लो-कार्बवर गेला तर एलडीएल बहुतेक फारसं हलत नाही, कधी उतरतंही, पण आधीच सडपातळ, रनिंग वगैरे करणारा माणूस २०-३० ग्रॅम कार्बवर गेला तर एलडीएल कधी कधी आभाळाला भिडतं. अशांसाठी नावच पडलंय, लीन मास हायपर-रिस्पॉन्डर: एलडीएल २०० च्या वर, एचडीएल ८० च्या वर, ट्रायग्लिसराइड ७० च्या खाली. यातल्याच एका अमेरिकन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून २०२४ मध्ये छापला, रोज १२ ओरिओ बिस्किटं १६ दिवस खाल्ली आणि एलडीएल ३८४ वरून १११ वर आलं, नंतर सहा आठवडे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेऊन तेवढं उतरलं नाही. कृपया यातून ओरिओ खायचा सल्ला घेऊ नका. घ्यायचं ते एवढंच, की बारीक माणसात थोडे कार्ब परत आणले तर एलडीएल झपकन खाली येऊ शकतं.

ताटातलं सॅच्युरेटेड फॅट मोजा

एक दिवस खरंच मोजून बघा, बाकी काही वाचायची गरज पडणार नाही. शाकाहारी लो-कार्बचा अगदी कॉमन दिवस: २०० ग्रॅम पनीर, त्यात साधारण २६ ग्रॅम सॅच्युरेटेड. दिवसभरात तीन मोठे चमचे तूप, आणखी २६. दोन चीज क्यूब, ८. भाजीवर आणि चटणीत मिळून अर्धी वाटी ओलं खोबरं, १२. झाले ७२ ग्रॅम, आणि अजून क्रीम, लोणी धरलेलंच नाही. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी नेहमीचा सल्ला २० ते २२ ग्रॅमच्या आत राहायचा आहे. वरणभातावर धारेने तूप घेणाऱ्या आजोबांचं उदाहरण देऊ नका, ते दिवसाला चमचा-दोन चमचे तूप खायचे आणि शेतावर चालत जायचे.

मग बदलायचं काय? कार्ब आहेत तसेच कमी ठेवा, फॅटची जात बदला. तूप दिवसाला एक छोटा चमचा, फोडणीला शेंगदाणा किंवा मोहरीचं तेल. खोबरेल तेल सुमारे ९० टक्के सॅच्युरेटेड असतं, एमसीटीच्या (एका प्रकारच्या फॅटच्या) नावाखाली कॉफीत ओतायचं बंद करा, ते डोक्याला लावा. पनीर दिवसाला ७०-८० ग्रॅमवर आणा आणि बाकी प्रोटीन टोफू, सोया चंक्स, घट्ट दही, अंड्यातून घ्या. अंड्याला लोक उगाच घाबरतात, बहुतेकांमध्ये त्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ते लोण्यात तळल्याचा परिणाम जास्त असतो. मासळी चालत असेल तर बांगडा, तारली, यासारखं दुसरं काही नाही. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी पोळीबरोबर चिमूटभर खायची वस्तू होती, आता ती भाजीवर दोन-तीन चमचे घ्या, चांगलं फॅट आणि फायबर दोन्ही मिळतं, आपल्या स्वयंपाकघरात हे सगळं आधीपासून आहेच, बाहेरून महागडी अ‍ॅव्होकॅडो आणायची काही गरज नाही.

फायबरसाठी भेंडी, गवार, वांगी, मेथी, शेपू, अंबाडी, दोन्ही जेवणांत भरपूर. आणि इसबगोल, दिवसाला साधारण १० ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे, दोन वेळात वाटून, भरपूर पाण्यासोबत. एलडीएल ७ टक्क्यांच्या आसपास उतरतं, ऐकायला कमी वाटतं पण फुकटात मिळतंय. पहिल्याच दिवशी पूर्ण डोस घेऊ नका, पोट फुगेल, आणि थायरॉइड वगैरेच्या गोळ्यांपासून काही तासांचं अंतर ठेवा.

हे करून आठ-दहा आठवड्यांनी परत तपासा. उतरलं तर तसंच चालू ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. नाही उतरलं आणि तुम्ही बारीक असाल, तर दुपारी एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ परत आणा. भाकरीच्या आकाराप्रमाणे साधारण ५०-६० ग्रॅम कार्ब होतात, दिवसाचे ८०-१०० धरले तरी ते नेहमीच्या मराठी ताटाच्या निम्म्याहून खालीच आहे. वजन लगेच परत येईल अशी भीती असते, जेवणातलं बाकीचं सांभाळलं तर येत नाही. डायबेटिस असेल तर मात्र जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरने बघत बघत वाढवा.

एलडीएल १९० च्या वर आलं असेल तर वरचे आठ-दहा आठवडे वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा, विशेषतः घरात कोणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल किंवा पापण्यांवर पिवळट चट्टे असतील तर. हे फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे आनुवंशिक वाढलेलं कोलेस्टेरॉल, असू शकतं, डाएटने फक्त उघडं पडलेलं. स्टॅटिन आधीपासून चालू असेल तर लो-कार्बवर आलो म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. जाताना दोन्ही रिपोर्ट, वजनाची तारखेसकट नोंद आणि तीन दिवस काय काय खाल्लं त्याची यादी तूप-तेलाच्या चमच्यांसकट घेऊन जा, नुसतं "डाएट करतोय" सांगितलंत तर डॉक्टरांना वाटतं तुम्ही सॅलड खाताय.