पीसीत पाणी खेळवायचंय? एआयओ घ्यावा की कस्टम लूप करावा

"सीपीयू ८५ डिग्रीला जातोय, लिक्विड कूलिंग लावू का" एवढ्यावरून कुणीच उत्तर देऊ शकत नाही, जो देतो त्याला काहीतरी विकायचं असतं. (लिक्विड कूलिंग म्हणजे चिपची उष्णता पाण्याने उचलून रेडिएटरमध्ये, थोडक्यात रॅडमध्ये, नेऊन फॅनने बाहेर टाकणं. एआयओ म्हणजे ऑल-इन-वन, कारखान्यातूनच भरून-जोडून आलेला कूलर, आणि कस्टम लूप म्हणजे पंप, रॅड, ट्यूब सुटे घेऊन स्वतः जोडलेला.) डिग्री नाही, वॅट सांगा. रेडिएटरला डिग्रीशी देणंघेणं नाही, त्याला किती वॅट उष्णता बाहेर टाकायचीये एवढंच काम असतं.

म्हणून खरेदीच्या आधी एक काम करा, एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते टाका आणि तुमचं रोजचं जे काही आहे, गेम असेल, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर असेल, व्हिडिओ एक्स्पोर्ट असेल, ते अर्धा तास चालू द्या आणि सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसर किती वॅट ओढतो), जीपीयू पॉवर (ग्राफिक्स कार्ड किती वॅट ओढतं) आणि खोलीचं तापमान हे तीन आकडे कागदावर लिहा. अर्धा तास का, तर पाच मिनिटांची टेस्ट लिक्विडमध्ये फसवते. एक लिटर पाण्याला १ डिग्री तापवायला साधारण ४,१८० ज्यूल लागतात, म्हणजे ३०० वॅटच्या लोडवर रेडिएटरने काहीच काढलं नाही तरी एका डिग्रीला १४ सेकंद जातात, शिवाय रॅड आपलं काम करतच असतो, मग पाणी हळूहळू वर जाऊन कुठेतरी स्थिर होतं आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. पहिल्या पाच मिनिटांचा स्क्रीनशॉट बघून खूश होऊ नका.

आता आकडे हातात आले की बरेचसे लोक इथेच सुटतात. रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरवर गेम खेळणाऱ्याचा सीपीयू कागदावर १२० वॅटचा असला तरी गेममध्ये त्याच्या बराच खाली चालतो, त्याला दोन टॉवरवाला चांगला एअर कूलर (बिनपाण्याचा, नुसत्या हीटसिंक आणि फॅनचा) पुरतो आणि वर पैसे उरतात. साध्या आय५ वाल्यांचंही तेच. दुसऱ्या टोकाला कोअर आय९ १४९००के आहे, ज्याची अधिकृत मर्यादाच २५३ वॅट आहे, त्याला रेंडरमध्ये एअर कूलरवर धाप लागते. आणि रायझन ९ ७९५०एक्स वाल्यांनी ९५ डिग्री बघून घाबरायचं नाही, तो मुद्दामच ९५ पर्यंत जाईल असा बनवलाय, कूलर भारी लावला तर तो तापमान कमी करण्याऐवजी क्लॉक (स्वतःचा वेग) थोडा वाढवतो आणि परत ९५ च्या आसपास जाऊन बसतो. यावर लोकांनी हजारो रुपये घालवलेत, खरंच.

पाणी खोलीपेक्षा गार होत नाही

एआयओ असो की कस्टम, दोन्हीत पाणी (म्हणजे कूलंट) ब्लॉकमधून (चिपवर बसणाऱ्या धातूच्या पोकळ ठोकळ्यातून) उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये आणून टाकतं आणि फॅन ती खोलीत ढकलतो. त्यामुळे पाण्याचं तापमान खोलीच्या वरच राहणार, बऱ्यापैकी मोठ्या रॅडच्या लूपमध्ये १० डिग्री वर, छोट्या एआयओत १५-२० वर. युट्यूबवरचे रिव्ह्यू २१-२२ डिग्रीच्या खोलीत केलेले असतात. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे दुपारी बिनएसीची खोली ३८ ला असेल तर पाणी ५० च्या आसपास किंवा त्याच्याही वर गेलं म्हणून समजा. आणि हे नुसतं गरम होण्यापुरतं नाही, कस्टममधला सगळ्यात लोकप्रिय डी५ पंप ६० डिग्रीपर्यंतच्या पाण्यासाठी असतो आणि पीईटीजी प्लॅस्टिकची हार्ड (कडक) ट्यूब त्याच सुमाराला नरम पडायला लागते, फिटिंगच्या तोंडाशी जरा जरी वाकली की गळती. विदर्भात बिनएसीचा हार्ड ट्यूब लूप करायचा असेल तर निदान अॅक्रिलिक घ्या, किंवा सरळ काळी ईपीडीएम रबर ट्यूब, दिसायला गाडीच्या होजपाइपसारखी दिसते पण वर्षानुवर्षं त्रास देत नाही.

एसी आहे म्हणाल तर ठीक, पण तोही हिशोब करा. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता काढतो. तुमचा पीसी लोडवर ६०० वॅट ओढत असेल तर एसीच्या ताकदीचा सहावा हिस्सा पीसीच खातोय, मग कूलर एअर असो वा लिक्विड. वॅट तेवढेच खोलीत येणार, लिक्विड लावलं म्हणून खोली गार होत नाही.

मुंबई-कोकणवाल्यांचा नेहमीचा प्रश्न, पावसाळ्यात दमट हवेने आत पाणी सुटेल का? नाही सुटणार. दव धरायला पृष्ठभाग खोलीपेक्षा थंड लागतो, आणि आपल्या लूपमध्ये खोलीपेक्षा थंड असं काहीच नसतं.

एआयओ घेताना

एआयओ म्हणजे मिक्सर-फ्रिजसारखी वस्तू, आणायची, लावायची, पाच-सहा वर्षांनी मेली की फेकायची. हे एकदा मनाला पटलं की त्याच्यासारखं सोपं काही नाही. आतलं कूलंट ट्यूबच्या रबरातून अगदी हळूहळू उडत असतं, बहुतेक मॉडेलमध्ये परत भरायची सोय नसते, म्हणून "जुना पण एकदम कंडिशनमध्ये" असा सेकंडहँड एआयओ कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

साइज २४० की ३६० (म्हणजे रॅडवर १२० मिमीचे दोन फॅन की तीन) हे आधी कॅबिनेटला विचारा. साधा रॅड २७ मिमी आणि फॅन २५ मिमी, म्हणजे वर छताला लावायचा तर ५२ मिमी लागतात आणि खाली उंच हीटसिंकवाली रॅम असेल तर तिथे अडतं. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा रॅडच ३८ मिमीचा आहे, तो कूलर मस्त आहे पण ६३ मिमी जागा मोजून मगच ऑर्डर करा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन घेणार असाल तर कॅबिनेटचं मॉडेल नंबरासकट लिहून न्या, "सगळ्यात बसतो सर" हे वाक्य तिथे फुकट मिळतं.

लावताना एकच नियम पाळा, पंप सगळ्यात उंचावर नको. बहुतेकांचा पंप सीपीयूवरच्या ब्लॉकमध्ये असतो आणि लूपमध्ये थोडी हवा असतेच, ती वर चढते. रॅडचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असेल तर हवा तिथे जाऊन गुपचूप बसते, नाहीतर पंपात अडकते आणि रात्री हंड्यातून पाणी ओतल्यासारखा गुडगुड आवाज येतो. रॅड छताला लावणं सगळ्यात बरं. समोर लावला तरी चालतं, फक्त त्याचं वरचं टोक पंपाच्या वर हवं. कॅबिनेटच्या तळाशी रॅड लावायचा विचारही करू नका. पंपाची वायर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या हेडरवर (मदरबोर्डाच्या पिनांवर) लावून फुल स्पीडला सोडा आणि फॅनचा कर्व्ह (किती तापल्यावर किती वेग) जरा सुस्त ठेवा, नाहीतर क्रोम उघडला तरी फॅन बोंबलतात.

माझा स्वतःचा एआयओ चौथ्या वर्षी, अर्थात मेमध्येच, गेला. विंडोज नुसतं उघडून बसलो होतो आणि दोन मिनिटांत ९५ च्या पुढे, पंप बंद. वॉरंटी होती, बदलून मिळाला, पण तीन आठवड्यांनी, आणि तेवढे दिवस जुन्या एअर कूलरवर काढले. म्हणून नवीन काहीही घेतलं तरी जुना कूलर विकू नका, आणि घेताना दोन गोष्टी लेखी विचारा: सर्व्हिस आपल्याच शहरात आहे का, आणि गळती होऊन बोर्ड किंवा कार्ड गेलं तर त्याचे पैसे कोण देणार. दुसऱ्या प्रश्नावर दुकानदार हसतो. हसू दे.

कस्टमचा खरा फायदा जीपीयूला

हे फार कमी लोक आधी समजून घेतात. सीपीयूचा चिप लहान, त्यावर धातूचं झाकण, उष्णता त्यातूनच बाहेर यायला अडखळते, मग वर कितीही भारी पाणी फिरवा, चांगल्या ३६० एआयओपेक्षा कस्टममध्ये फरक थोडाच पडतो. ग्राफिक्स कार्डाचं उलट आहे. चिप मोठा, वर झाकण नाही, ब्लॉक थेट चिपला टेकतो आणि उष्णताही तिथेच जास्त, आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅट, ५०९० ला ५७५. सत्तरीत चालणारं कार्ड पन्नाशीत येतं आणि तेही फॅन जवळपास ऐकू न येता. तर तुमच्या कागदावर जीपीयूचा आकडा मोठा असेल आणि आवाजाने डोकं उठत असेल तरच कस्टमचा विचार करा. फक्त सीपीयूसाठी कस्टम लूप म्हणजे निव्वळ हौस, आणि हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मग परफॉर्मन्सची कारणं देऊ नका.

त्याच्याही आधी एक फुकटचा उपाय करून बघा, एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये जीपीयूचं पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. ४५० चे ३६० होतात, ९० वॅट उष्णता गायब आणि गेममध्ये फ्रेम अगदी थोड्या पडतात. बऱ्याच जणांचं लिक्विडचं खूळ इथेच उतरतं.

नाही उतरलं? मग ऐका. पहिलं कार्ड, मग बाकी सगळं. जीपीयू ब्लॉक त्या कार्डाच्या सर्किट बोर्डाप्रमाणे बनतो, एकाच ४०९० च्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांना वेगवेगळा ब्लॉक लागतो आणि काहींना मिळतच नाही. आधी ब्लॉक बाजारात आहे का बघायचं, मग कार्ड घ्यायचं. मूळ हीटसिंक काढला तर वॉरंटीचं काय हेही कंपनीला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा, स्क्रूवर स्टिकर असतो तो उगाच नसतो. आणि दोन वर्षांनी कार्ड बदललं की ब्लॉकची किंमत शून्य.

रॅड किती? ढोबळ हिशोब असा की १२० मिमीच्या एका फॅनएवढ्या रॅडमागे १०० वॅटच्या आसपास धरा, म्हणजे आवाज कमी राहतो. सीपीयू १५० आणि जीपीयू ४५० असतील तर ६०० वॅट, दोन ३६० चे रॅड. ते बसतील एवढं कॅबिनेट नसेल तर लूपचा विषय संपला. पाणी कुणाकडे आधी न्यायचं, "आधी सीपीयू की आधी जीपीयू" यावर मात्र लोक विनाकारण भांडतात, मिनिटाला ३ लिटर फिरणाऱ्या लूपमध्ये ३०० वॅटने पाणी दीड डिग्रीसुद्धा वाढत नाही, ट्यूब जशी सरळ बसेल तशी लावा.

बजेट फुटतं ते फिटिंगवर. एकेक दिसायला छोटं असतं, पण डझन-दीड डझन लागतात, त्यात अँगलवाले वेगळे, आणि शेवटी दोन कमी पडतात. बॅरो, बायकस्की या चिनी कंपन्यांचे स्वस्त पडतात आणि काम करतात. सगळे भाग, ब्लॉक, रॅड, फिटिंग, हे तांबं-पितळ-निकेलच्या घरातले घ्या, अॅल्युमिनियमचा एकही तुकडा मिसळू नका, दोन वेगळ्या धातूंमध्ये पाण्यातून बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम खात जातं.

कूलंट तयार, पारदर्शक घ्या. दुधी पेस्टल रंग फोटोत भारी दिसतात, पण त्यातले कण ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक फटींमध्ये बसतात. बोअरचं पाणी, आरओचं पाणी अजिबात नको, आणि पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं काही नसतं. नवीन रॅड आतून गरम डिस्टिल्ड पाण्याने चार-पाचदा खळखळून धुवा, कारखान्यातला फ्लक्स (डाग देताना लावलेलं रसायन) किती निघतो ते बघून थक्क व्हाल.

भरताना घाई नको. आधी हवेच्या छोट्या टेस्टरने अर्धा बार दाब द्या, अर्धा तास काटा हलला नाही पाहिजे. मग बोर्ड आणि कार्डाच्या सगळ्या पॉवर वायर काढून, एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) बोर्डाशिवाय चालू करणारा जंपर प्लग लावून फक्त पंप चालवायचा, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर, रेझरवॉयर (लूपची टाकी) रिकामा व्हायला आला की पंप बंद करून परत भरायचा, कारण डी५ कोरडा फिरला की मेला. रात्रभर चालू द्या. आणि सगळ्यात खालच्या जागी ड्रेन व्हॉल्व ठेवा, हे नवखे हमखास विसरतात आणि वर्षाने कूलंट बदलायच्या दिवशी कॅबिनेट बाथरूममध्ये उलटं धरून उभे राहतात.

वर्षातून एक रविवार यातच जाणार. दिवाळीत नवीन एसएसडी टाकायची आणि तिचा स्लॉट कार्डाखाली असेल तर आधी लूप रिकामा करा.

आणि भाड्याच्या घरात राहत असाल, दर ११ महिन्यांनी करार संपत असेल, तर थोडं थांबा. माझ्या एका मित्राने कोथरूडहून खराडीला शिफ्ट होताना भरलेला लूप तसाच गादीत गुंडाळून टेम्पोत आडवा टाकला. खराडीत उघडला तर गादी ओली, एका अँगल फिटिंगची ओ-रिंग (रबरी कडी) सरकलेली. नशीब वायर लावायच्या आधी हात लागला, कार्ड वाचलं. आता त्याच कॅबिनेटमध्ये ३६० चा एआयओ आहे आणि दोन्ही रॅड माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी.